पुस्तकांची पाणीपाळी

मागच्या वर्षी परीक्षा तोंडावर आली होती, तेव्हाची गोष्ट. मराठीच्या पेपरला नेमलेली कादंबरी आमच्या वर्गात किती जणांनी विकत घेतली असेल, याचा अंदाज प्राध्यापकमंडळींना असेलच. ग्रंथालयात तिच्या मोजक्याच प्रती. ज्यांनी आधी नेल्या, त्यांच्याकडे त्या राहिल्या. मी दोनदा चौकशी केली आणि दोन्ही वेळा ‘बाहेर गेली आहे’ हे उत्तर घेऊन परतलो. ती कोणाकडे आहे, कधी येणार, माझ्या आधी किती जण वाट पाहत आहेत, हे मी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. मग एके रात्री वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर ती कादंबरीच येऊन पडली. कोणीतरी पानांचे फोटो काढून त्यांची पीडीएफ केली होती. काही पाने तिरपी, काही पानांवर पुस्तक धरणाऱ्याचा अंगठा, आणि मधली दोन पाने नाहीतच. आमच्या घरात फोन एक. तो दिवसभर थोरल्या भावाकडे असतो. म्हणून सगळे निजल्यावर मी ती वाचली. आवडली, पेपरही बरा गेला. त्या दोन पानांत काय होते, ते मला अजून माहीत नाही.

हा अनुभव माझ्या एकट्याचा असता, तर त्यावर लेख लिहिण्याचे धाडस मी केले नसते. परंतु आपल्याकडे येणारी कितीतरी मुले-मुली माझ्यासारखीच, घरातून पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढणारी आहेत. आमच्या घरी पुस्तकांचे कपाट नसते. असलीच तर एखादी पोथी, पंचांग आणि भावंडांची जुनी क्रमिक पुस्तके. आम्हांला पुस्तक मिळायचे ते ग्रंथालयातून, नाहीतर फोनमधून. ग्रंथालयातून मिळत नाही म्हणून आम्ही फोनमध्ये शोधतो, आणि तेथे जे सापडते ते बहुधा चोरीचे असते. ‘काळ बदलला’ एवढे म्हणून हे सोडून देता येईल काय? ग्रंथालयानेच वाचकाला फोनवर पुस्तक द्यावे, मुदत संपली की परत घ्यावे, आणि मागणारे पुष्कळ असतील तर क्रमाने द्यावे, ही रीत जगात इतरत्र चालू आहे. ती कशी चालते आणि तिच्यातून आपण काय घ्यावे, याविषयी माझे मत मी मांडणार आहे. मी ग्रंथालयशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. चुकले तर जाणत्यांनी सांगावे.

ई-पुस्तक म्हणजे शेवटी एक फाइल. एकीच्या हजार करायला क्षणभरही लागत नाही. म्हणून ई-पुस्तकासाठी ग्रंथालयात रांग लागते, हे मला प्रथम खरेच वाटेना. पण अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांत ती लागते. तेथील पुष्कळ ग्रंथालये लिबी नावाच्या अॅपमधून ई-पुस्तके देतात. मुख्य नियम असा, की ग्रंथालयाने जितके परवाने घेतले असतील, तितक्याच वाचकांना ते पुस्तक एका वेळी मिळणार. एक परवाना, एक वाचक. बाकीच्यांनी नाव नोंदवून थांबायचे. आपल्या पुढे किती जण आहेत, हे प्रत्येकाला दिसते. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जाते आणि पुढच्याला निरोप येतो. पुस्तक अडकवून ठेवण्याची सोय नाही, म्हणून दंडाचेही कारण नाही.

आता साधे गणित करू. समजा, एका पुस्तकासाठी चाळीस जणांनी नावे दिली आणि वाचनाची मुदत चौदा दिवसांची आहे. परवाना एकच असेल, तर चाळिसाव्या माणसाच्या आधी एकोणचाळीस जण. म्हणजे त्याने ५४६ दिवस थांबायचे. दीड वर्ष! परवाने पाच असले, तर तोच माणूस ९८ दिवसांत पुस्तक उघडतो. मुदत सात दिवसांवर आणली, तर ४९ दिवसांत. तेथील ग्रंथपाल हीच आकडेमोड रोज करीत असतात. रांग ठरलेल्या प्रमाणाबाहेर वाढली की नवा परवाना घ्यायचा. मागणी फार असलेल्या पुस्तकाची मुदत कमी करायची. एका वाचकाने एका वेळी किती पुस्तकांवर नाव लावावे यालाही मर्यादा घालायची. काही ग्रंथालये थोड्या प्रती रांगेबाहेर ठेवतात. त्या ज्याला मोकळ्या दिसतील त्याने घ्याव्यात, पण थोड्या दिवसांत परत कराव्यात. हूप्ला नावाची दुसरी एक व्यवस्था आहे. तिच्यात रांगच नाही. जितके वेळा पुस्तक वाचायला जाईल, तितके वेळा ग्रंथालय पैसे भरते. मात्र पैसे संपू नयेत म्हणून प्रत्येक वाचकाला महिन्याचा वाटा ठरवून दिलेला असतो.

ही रांग ग्रंथपालांनी हौसेने लावलेली नाही. छापील पुस्तक एकदा घेतले की ते फाटेपर्यंत ग्रंथालयाचे. ई-पुस्तकाचा बहुधा परवानाच मिळतो आणि त्याच्या अटी प्रकाशक ठरवतो. हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये अट घातली, की एक परवाना सव्वीस वेळा वाचायला दिला की संपला. दोन आठवड्यांची मुदत धरली, तर सव्वीस वाचक म्हणजे एक वर्ष. मॅकमिलनने १ नोव्हेंबर २०१९ पासून नियम केला, की नवे पुस्तक निघाल्यावर पहिले आठ आठवडे मोठ्यातल्या मोठ्या ग्रंथालयालाही ई-पुस्तकाचा एकच परवाना मिळेल. वाचक रांगेला कंटाळून विकत घेतील, असा त्यामागचा हिशोब होता. ग्रंथालयांनी विरोध केला आणि मार्च २०२० मध्ये तो नियम मागे घेतला गेला.

याच्या उलट टोकाचेही उदाहरण आहे. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था स्वतःजवळच्या छापील पुस्तकांच्या प्रतिमा काढून ‘एक प्रत, एक वाचक’ या हिशोबाने वाचायला देत असे. कोरोनाच्या काळात ग्रंथालये बंद झाली, तेव्हा २४ मार्च २०२० रोजी तिने रांगच उठवली. मागेल त्याला पुस्तक! जूनमध्ये चार मोठे प्रकाशक न्यायालयात गेले. मार्च २०२३ मध्ये निकाल संस्थेच्या विरुद्ध लागला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम केला. रांग उठवण्यामागचा हेतू चांगला होता, हे मला मान्य आहे. पण निकाल जुन्या, रांगेच्या पद्धतीविरुद्धही गेला, आणि रांगेतून मिळणारी पुष्कळ पुस्तकेही त्या यादीतून गेली.

हे सारे मी घरी जेवताना सांगितले. वडील शेती करतात. शाळा त्यांची चौथीत सुटली. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “पाणी काय अन् पुस्तक काय, सात नंबर भरल्याबिगर पाटकरी तुपलं नाव काहून घेईल?”

आमच्या भागात सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचे पाणी येते, म्हणून हे बोलणे जवळा बाजारच्या वाचकाला समजावून सांगावे लागणार नाही. इतरांसाठी सांगतो. कालव्याचे पाणी हवे असेल, तर शेतकऱ्याने नमुना क्रमांक ७ चा मागणी अर्ज भरायचा असतो. किती क्षेत्र, कोणते पीक, हे लिहून द्यायचे. आलेल्या मागण्या आणि धरणातले पाणी यांचा मेळ घालून पाणीपाळ्या ठरतात, आणि कोणी कोणानंतर पाणी घ्यायचे याचा क्रम लागतो. त्याला शेजपाळी म्हणतात. या शेजपाळीचा मूळ नियम फार शहाणपणाचा आहे. पाणी द्यायला सुरुवात चारीच्या शेवटापासून करायची आणि वर येत जायचे. कारण मुखाशी असलेला शेतकरी कसाही पाणी घेतो. टेलचा मात्र कोरडा राहतो. नियम प्रत्यक्षात किती पाळला जातो, हा निराळा प्रश्न. पण नियम आहे, म्हणून टेलचा शेतकरी निदान भांडू तरी शकतो. त्याच्याजवळ कागद असतो.

वडिलांचे बोलणे मनात घोळत राहिले आणि माझा विचार पालटला. तोपर्यंत मला वाटत होते, की रांग ही वाईट गोष्ट आहे. आता वाटते, रांग नसणे त्याहून वाईट. ५४६ दिवस थांबणाऱ्या वाचकाचे नाव कोठेतरी लिहिलेले असते. त्या नावांच्या लांबीवरून ग्रंथपाल म्हणू शकतो, की आणखी चार परवान्यांसाठी पैसे द्या. मी दोनदा विचारून परत आलो, त्याची नोंद कोठे आहे? माझ्यासारखे किती आले आणि गेले? नोंद नाही, म्हणून मागणी नाही. मागणी नाही, म्हणून खरेदी नाही. वर्षअखेर कोणी विचारलेच, तर उत्तर तयार असते: “हल्लीची मुले वाचतच नाहीत.” मित्रहो, सात नंबर न भरता आपण पाण्याची वाट पाहत बसलो आहोत!

पाण्याचा दाखला मात्र एका ठिकाणी अपुरा पडतो. माझ्या रानात मुरलेले पाणी शेजाऱ्याला मिळत नाही. फाइलचे तसे नाही. मी वाचली म्हणून ती कमी होत नाही. मग रांग कशासाठी? ती लेखक आणि प्रकाशक यांच्या मोबदल्यासाठी आहे. ज्याच्याजवळ पैसे आहेत तो पुस्तक आज विकत घेतो. ज्याच्याजवळ नाहीत तो दिवस मोजतो. थोडे दिवस मोजायला माझी हरकत नाही. परंतु ते दिवस किती असावेत, हे एकट्या प्रकाशकाने ठरवू नये, आणि लेखकाला काहीच मिळू नये असेही होऊ नये. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक वाचायला गेले की लेखकाला सरकारी निधीतून थोडी रक्कम मिळण्याची सोय झाली. २०१८ पासून ती ई-पुस्तकांनाही लागू आहे. आपल्याकडे अशी सोय नाही. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती काढणाऱ्या मराठी पुस्तकाची पीडीएफ जेव्हा गावोगाव फिरते, तेव्हा लेखकाच्या हाती काय येते? मी ती कादंबरी वाचली आणि मार्क मिळवले. ज्याने ती लिहिली, त्याला माझ्याकडून एक पैसाही गेला नाही. हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण लपवून काय उपयोग? पीडीएफ पाठवणाऱ्या मित्राला मी चोर म्हणणार नाही, कारण त्याने मला उपाशी ठेवले नाही. पण या वाटेने आपण ज्याच्या घरचे खातो, त्याचीच चूल विझते, हे विसरता येत नाही.

आपल्या मराठवाड्याला ग्रंथालयांचे महत्त्व नव्याने सांगायला नको. निजामाच्या राज्यात सभा-संमेलनांवर बंधने असताना मराठी वाचनालये हीच माणसे जमण्याची जागा होती. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ सालचे. आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला, तोवर परभणीचाच भाग होता. म्हणजे तो वारसा आपलाही. हैदराबाद राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९५५ मध्ये केला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. मराठवाड्यातला हा कायदा महाराष्ट्राच्या कायद्याच्या बारा वर्षे आधीचा होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

एका ठिकाणचे पुस्तक पुष्कळांना कसे पुरवावे, हा प्रश्नही फोनमुळे जन्मलेला नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर गेलेले सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डेन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरत्या ठेवल्या. गावाने मागणी करायची, पेटी यायची, वाचून झाली की पुढच्या गावाला जायची. आपल्याच काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम पंचवीस-पंचवीस पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांत अशाच फिरवतो. परदेशांतल्या मराठी कुटुंबांपर्यंतही त्या पोचल्या आहेत. पेटी असो की परवाना, मागणी लिहा, क्रम लावा, मुदत पाळा, ही तीन सूत्रे तीच आहेत.

मग आज अडते कोठे? पुस्तके मुळीच नाहीत असे नाही. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय खरगपूरच्या आयआयटीने उभारले आणि जून २०१८ मध्ये ते सर्वांना खुले झाले. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके संकेतस्थळावर फुकट आहेत. मराठी विश्वकोश आहे. ज्या लेखकाच्या निधनाला साठ वर्षे उलटली, त्याच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क आपल्या कायद्याने संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांचे साहित्य २०११ पासून मोकळे आहे. यांपैकी कशालाही रांग नको, चोरीही नको. पण आमच्या वर्गातील निम्म्या मुलांना हे ठाऊक नसेल, कारण सांगणारे कोणी भेटले नाही.

खरी अडचण आजच्या पुस्तकांची आहे. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले. त्यांचे लेखनही २०२९ संपेपर्यंत हक्कात आहे. मग हयात लेखकांचे काय सांगावे? किंडलवर डिसेंबर २०१६ पासून मराठी ई-पुस्तके मिळतात, पण ती एकट्या ग्राहकाला वाचण्यासाठी. गावच्या वाचनालयाने एक घेऊन शंभरांना फिरवावे, असा त्याचा परवाना नसतो. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःजवळच्या छापील पुस्तकाची इलेक्ट्रॉनिक प्रत जतनासाठी ठेवण्याची मुभा दिली. जतन करा म्हटले. वाचकाला घरी द्या असे काही त्यात म्हटलेले नाही. आणि परवाने विकत घ्यायचे म्हटले, तर कोणी घ्यायचे? राज्यात अ, ब, क, ड अशा वर्गांची अकरा-बारा हजार मान्यताप्राप्त ग्रंथालये आहेत. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तरी खेड्यातल्या ड वर्गाच्या ग्रंथालयाचे वर्षाचे अनुदान हजारांतच मोजावे लागते. त्यातच कर्मचाऱ्याचा पगार, वर्तमानपत्रे आणि वीजबिल. असे एकटे ग्रंथालय कोणत्या प्रकाशकाशी बोलणी करणार?

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की परवाने राज्याने एकत्र घ्यावेत. अकरा हजार ग्रंथालयांच्या वतीने ग्रंथालय संचालनालय बोलू लागले, तर मराठी प्रकाशक ऐकतील, कारण त्यांनाही चोरीच्या पीडीएफपेक्षा हे बरे. प्रत्येक वाचनामागे लेखकाला ठरलेली रक्कम जावी. वाचकाला गावच्या ग्रंथालयाचा सभासद क्रमांक पुरावा. म्हणजे गावचे ग्रंथालयही ओस पडणार नाही. उलट फोनवरच्या पुस्तकाची वाट त्याच्याच दारातून जाईल. आणि परवाने वाटताना शेजपाळीचा नियम लावावा: सुरुवात टेलपासून. पुण्या-मुंबईच्या वाचकाला दुकान जवळ आहे, मोठी ग्रंथालये जवळ आहेत. औंढ्याच्या पुढच्या एखाद्या तांड्यावरच्या मुलीला यांतले काहीच जवळ नाही. तिचा नंबर आधी लागावा.

हे सरकारने करायचे झाले. ते करील तेव्हा करील. तोवर आपण काय करणार? मला सुचलेली गोष्ट अगदी लहान आहे आणि तिला एका वहीपुरता खर्च आहे. प्रत्येक ग्रंथालयाच्या टेबलावर, मग ते महाविद्यालयाचे असो की गावचे, एक मागणी वही ठेवावी. जे पुस्तक मागितले आणि मिळाले नाही, त्याचे नाव, मागणाऱ्याचे नाव आणि तारीख एवढेच तीत लिहावे. ते पुस्तक आले, की वहीतल्या पहिल्या नावाला निरोप जावा. ज्या पुस्तकासमोर दहा नावे झाली, त्याची मुदत सात दिवसांची करावी. वर्षअखेर ती यादी फलकावर लागावी आणि तिची एक प्रत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे जावी. मोकळ्या झालेल्या आणि फुकट मिळणाऱ्या मराठी पुस्तकांची एक यादीही तेथेच टांगावी. ती तयार करायला आम्ही विद्यार्थी बसू. सुट्टीत दुसरे काम तरी काय असते?

काही जण म्हणतील, की वहीत नाव लिहिल्याने पुस्तक येते काय? येत नाही, हे मलाही कळते. सात नंबर भरल्याने पाऊस पडत नाही. पण धरणात पाणी असूनही जेव्हा चारी कोरडी राहते, तेव्हा ज्याने अर्ज भरला आहे, त्यालाच कचेरीत जाऊन विचारता येते.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यांतला दुसरा म्हणतो, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे. चौथा म्हणतो, वाचकाचा वेळ वाचवावा. अमेरिकेतली लांबच लांब रांग चौथा नियम मोडते. आपल्याकडे मात्र दुसराच मोडला जातो, आणि तो मोडल्याची नोंदही होत नाही.

हा लेख छापून येईल तेव्हा नवे सत्र सुरू झालेले असेल. ग्रंथालयाच्या टेबलावर मागणी वही असली, तर तिच्यातले पहिले नाव मी माझे लिहीन आणि त्यासमोर त्याच कादंबरीचे नाव. परीक्षा झाली, मार्कही मिळाले. पण ती दोन पाने माझी वाचायची राहिली आहेत.